एका टाचेचा सरदार

फळीवरची कथलाची ताटली किणकिणली. एकदा, मग पुन्हा.

बाळ नुकतं कुठं झोपलं होतं. दात येत होते त्याला. सकाळपासून माझा खांदा लाळेनं भिजवून किरकिर करून दमलं, आणि आता कुठं त्याचा श्वास लयीत आला होता. माबिलिया, माझी पाच वर्षांची, टेबलाखाली चेस्टनट सोलत बसली होती. अंगणातही सामसूम. माझा नवरा आमानियू गडावरचे सगळे सरदार आणि वीस स्वार घेऊन काउंटच्या बोलावण्यावर गेला होता. मागे उरले पाच पहारेकरी, स्वयंपाकी पोंस आणि माझा धाकटा भाऊ गोसेल्म.

ताटली थांबेना. शेजारची दुसरीही वाजायला लागली.

"आई, ताटल्या थरथरतायत," माबिलिया म्हणाली.

घोडे. पुष्कळ घोडे, आणि चौखूर उधळलेले.

बाळाला तसंच छातीशी धरून मी दरवाजावरच्या खोलीकडे धावले, माबिलिया माझ्या मागोमाग. आमच्या गडाला दोन दारं आहेत आणि मध्ये दगडी बोळ. बाहेरच्या दारावर लोखंडी झडप दोरानं टांगलेली असते, आणि बोळाच्या छताला, म्हणजे त्या खोलीच्या जमिनीला, एक हातभर रुंद भोक आहे. गोसेल्म तिथं आधीच पोचला होता. हातात कुऱ्हाड, डोळे खाली.

"नदीपलीकडचे," तो म्हणाला. "गवताची गाडी आत येताना पाहिली त्यांनी. दार उघडंच आहे."

"मग पाड ना झडप."

"थांब ताई. एक आत येऊ दे."

पलीकडच्यांचा मान असा की सरदारानं सगळ्यांच्या पुढं, एकट्यानं आत घुसायचं. तसाच तो आला, पांढऱ्या दाढीचा, करड्या घोड्यावर, त्याच्या माणसांच्या चांगला वीस पावलं पुढं. गोसेल्मनं दोरावर कुऱ्हाड घातली. झडप घोड्याच्या शेपटीचे केस कापत खाली आदळली. त्याच दमात पहारेकऱ्यांनी आतलं दार लोटलं. घोडा बिचकून दगडांवर घसरला आणि म्हाताऱ्यासकट आडवा झाला.

मी भोकातून पाहत होते. गोसेल्म जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरला, आतल्या दारातल्या छोट्या दिंडी-दरवाजातून बोळात शिरला, आणि म्हातारा गुडघ्यावर येईपर्यंत तलवारीचं टोक त्याच्या गळ्याशी होतं.

माझा भाऊ चोवीस वर्षांचा, आणि अजून ढालाईतच. सात वर्षं त्यानं माझ्या नवऱ्याची ढाल वाहिली, घोड्याला खरारा केला, पंगतीत मांस कापून वाढलं. दर वर्षी संत योहानाचा सण आला की आमानियू म्हणे, "पुढच्या वर्षी नक्की सरदार करतो तुला." सरदारी मिळते त्या दिवशी अंघोळ करून घालायचा पांढरा सदरा मी तीन वर्षांपूर्वीच शिवला होता. तो पेटीत पडून, आणि भावाचे खांदे वाढतायत. दोनदा उसवून सैल केला. पोंस म्हणायचा, "तिसऱ्यांदा उसवाल तेव्हा पोटाकडूनही उसवा."

"शरण या," गोसेल्म म्हणाला.

म्हातारा धापा टाकत होता. "मी फोर्तानेर. तू सरदार आहेस का?"

"हो म्हण," मी वरून म्हणाले.

गोसेल्मनं वर पाहिलंसुद्धा नाही. "नाही. ढालाईत आहे."

मला त्याचे कान उपटावेसे वाटले. एक शब्द, आणि सगळं मिटलं असतं.

"मग मारून टाक," फोर्तानेर म्हणाला. "एका ढालाइताला शरण गेलो हे नातवंडांनी ऐकण्यापेक्षा ते बरं."

"तुम्हाला मारलं तर बाहेरचे गड जाळतील, आजोबा."

"जाळतील. मग एखादा सरदार बोलाव."

"गडावर एकही नाही."

"एकही नाही? सगळे घेऊन गेला आमानियू? इतका बावळट असेल असं वाटलं नव्हतं."

"माझ्या नवऱ्याला नावं ठेवू नका," मी भोकातून म्हणाले. "वर उकळता रस्सा आहे."

आणि होताच. पाणी तापवायला वेळ नव्हता म्हणून पोंसनं रात्रीच्या जेवणाचा हंडाच उचलून आणला होता, आणि तो ओतावा लागू नये म्हणून पुटपुटत प्रार्थना करत होता.

फोर्तानेरनं मान वर केली. "कशाचा?"

"लसणाचा."

"मग माझ्यावर ओतू नका, पाप लागेल."

तेवढ्यात झडपेवर पहिला धक्का बसला. बाहेरच्यांनी ओंडका आणला होता. भिंतीवरून आमचे पाचही पहारेकरी बाण मारत होते, पण खाली डझनभर ढाली. दुसरा धक्का. छतातून माती पडली, बाळ जागं होऊन रडायला लागलं. तिसऱ्या धक्क्याला झडपेची एक पट्टी वाकली.

"पोरा," फोर्तानेर घाईघाईनं म्हणाला, "सरदार मी आहे. सरदाराला सरदार करता येतो. गुडघे टेक, मी तुला करतो, मग मी शरण येतो. माझी लाज राहील, तुमचा गड राहील."

गोसेल्मची तलवार तसूभर खाली आली.

"पण ऐक. ज्याच्या हातून सरदारी घेतली त्याच्यावर जन्मभर शस्त्र उचलायचं नाही. हे तुमच्याकडंही आहे ना?"

"आहे."

"मग नीट विचार कर. फार वेळ नाही."

मी गोसेल्मचा चेहरा पाहिला. सात वर्षं त्यानं हा दिवस मनात घोळवला होता. अंघोळ, देवळातलं जागरण, सकाळी आमानियूचा हात. यातलं काहीच इथं नव्हतं. शत्रूचा म्हातारा, घोड्याची लीद आणि कानठळ्या बसवणारा ओंडका. चौथा धक्का. त्यानं वर पाहिलं, माझ्याकडं, रडणाऱ्या बाळाकडं.

"ताई, सदरा," तो म्हणाला.

"माबिलिया," मी ओरडले, "पेटीतला पांढरा."

ती धावली. तिची छोटी पावलं जिन्यावर खाली आणि पुन्हा वर वाजली. सदरा तिच्यापेक्षा लांब, ओढत आणला तिनं. मी तो भोकातून सोडला. तो गोसेल्मच्या डोक्यावरच पडला. चिलखतावरून चढवताना खांद्याची शिवण टरकली, पण त्याचं डोकं बाहेर आलं तेव्हा तो हसत होता.

त्यानं तलवार जमिनीवर ठेवली आणि गुडघे टेकले. फोर्तानेरनं हातमोजा काढला आणि उघड्या तळव्यानं त्याच्या मानेवर असा फटका दिला की तो मला वर ऐकू आला.

"मुकाट सोसायचा हा शेवटचा फटका. ऊठ, सरदार गोसेल्म."

मग घोड्याला टोचायचा सोनेरी काटा, सरदारकीची खूण, स्वतःच्या उजव्या टाचेवरून काढून म्हाताऱ्यानं त्याच्या टाचेला बांधला. डावा घोड्याखाली मोडला होता. आणि लगेच आपला हातमोजा त्याच्या हातात देऊन खणखणीत म्हणाला, "मी तुझा कैदी." झडपेकडं वळून त्यानं माणसांना हाक दिली, "बास करा रे. मी एका सरदाराला शरण गेलोय. घरी जा."

ओंडका खाली पडल्याचा आवाज आला. पोंसनं हंड्यावर झाकण ठेवलं.

संध्याकाळी फोर्तानेर आमच्याच शेकोटीशी बसून तिसरी वाटी ओरपत होता. बाळानं त्याची दाढी मुठीत धरली होती आणि सोडत नव्हतं. गोसेल्म पाय लांब करून बसला होता, शेकोटीच्या उजेडात काटा चमकावा म्हणून पुन्हा पुन्हा घोटा वळवत.

"एका टाचेचा सरदार," पोंस म्हणाला. "घोडा आता गोल गोलच फिरणार."

"फिरू दे," गोसेल्म म्हणाला. "पंगतीत मात्र आता तू मला वाढायचंस."

मी त्याच्या मागं बसून शिवण घालत होते. सदरा त्याला काढायचा नव्हता, म्हणून अंगावरच.

"आमानियू आला की खंडणी घेऊन मला सोडेल," फोर्तानेर वाटी पुसत म्हणाला. "आणि पेरण्या झाल्या की मी पुन्हा येईन, बाई. राग मानू नका. गड चांगला आहे तुमचा."

"या," मी म्हणाले. "झडप दुरुस्त झालेली असेल."

सगळे हसले. माबिलिया हसली नाही. ती मामाच्या टाचेशी बसून काट्यावर बोट फिरवत होती. मग तिनं म्हाताऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आई, हे आजोबा आले आणि बाबांशी लढले, तर मामा कुणाकडं उभा राहणार?"