प्रसादाचा हात

सिद्धेशला पहिला संशय आला तो जिन्यात. म्हणजे बघा ना, दीड-दोन वर्षांपूर्वी नगरसेवक मार्तंडभाऊंना लकवा मारला, अर्धं अंग गेलं, म्हणून अख्ख्या मुलुंडमध्ये ‘भाऊ लवकर बरे व्हा’चे बॅनर लागलेले. आणि तोच माणूस आता कठड्याला हातही न लावता, जाकिटाच्या खिशात हात घालून, मस्तपैकी जिना उतरत होता. सिद्धेश तर त्यांची चाल शिकायला आलेला. भाऊ आजारातून कसे उभे राहिले यावर निवडणुकीच्या तोंडावर नाटक बसत होतं आणि भाऊ साकारणार होता सिद्धेश. पहिलाच लीड.

भाऊंच्या पुतण्याला, देवव्रतला, त्याने सहज विचारलं, डॉक्टर कोण होते? तर तो म्हणे केरळचे कोणीतरी. भाऊंच्या घरी कामाला असलेल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या पुण्याचे. आणि लकवा मारला कधी, तर भाऊंच्या मागे नाल्याच्या कामाची चौकशी लागली नेमकी तेव्हाच. आता तुम्हीच सांगा.

दिग्दर्शक ऋता त्याला म्हणाली, “तू अ‍ॅक्टिंग कर ना यार, इन्स्पेक्टर कशाला होतोस?”

पण सिद्धेशला झोप नव्हती, कारण कांजूरला घरी त्याचे बाबा होते. दत्ताराम. त्यांचं उजवं अंग खरोखरचं गेलेलं. भाऊ चालले हे ऐकल्यापासून बाबांनी वॉकर माळ्यावर टाकायला लावला होता. भाऊ उठले तर मी पण उठेन, म्हणत भिंतीला धरून निघायचे आणि पडायचे. परवा तर कपाळच फोडून घेतलं. भाऊंचं सगळं खोटं असेल, तर बाबा एका थापेपायी हाडं मोडून घेणार होते.

पहिला प्रयोग. बाबा हट्टाने आले, सिद्धेशच्या खांद्यावर अख्खा भार टाकून. पडद्यामागे नटराजाची पूजा झाली, नारळ भाऊंच्या हस्ते फोडायचा होता. भाऊ हसून म्हणाले, आज भाऊ मी नाही, हा आहे, यालाच फोडू दे. सगळे खूश. सिद्धेशचा संशय डबल, नारळ फोडायची संधी कुठला पुढारी सोडतो?

त्याने नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले, पहिला भाऊंपुढे धरला. आणि भाऊंनी डावा हात पुढे केला.

प्रसादाला डावा हात. आपल्याकडे लहान पोराने केला तरी आई चापट मारते. सिद्धेशची नजर जाकिटाच्या खिशाकडे गेली. खिसा जरा उघडा होता. आत बोटं वळलेली, अंगठा मुठीत दबलेला. सेम बाबांचा हात.

म्हणजे आजार खरा होता. बरं होणंच अर्धं होतं.

भाऊंनाही कळलं. जवळ येऊन हळूच म्हणाले, “पाय आला रे, हात नाही आला. मतदान होईपर्यंत कोणाला बोलू नकोस.”

सिद्धेशने मान हलवली. शब्द दिला तर दिला. पण तिसरी घंटा व्हायच्या आधी तो ऋताच्या कानाला लागला आणि कारण न सांगता एक खुर्ची मागितली. तिने काहीतरी काम काढून देवव्रतला पहिल्या रांगेतून उठवलं आणि भाऊंच्या शेजारच्या त्या खुर्चीत बाबांना आणून बसवलं.

शेवटचा सीन. स्क्रिप्टप्रमाणे सिद्धेशने दोन्ही हात वर केले आणि थिएटर टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेत मात्र दोघं जण डाव्या हाताने आपापली मांडी थोपटत होते. बाबांनी शेजारी बघितलं. मग खिशाकडे. बराच वेळ बघत राहिले. भाऊंनी मान खाली घातली.

 रिक्षाने भांडुप सोडल्यावर बाबा म्हणाले, “पाय तेचो खरोच इलो हां. पण हात माझ्यासारखोच.”

सिद्धेशने रिक्षाबाहेर बघितलं. शब्द दिलेला ना.

“घराक गेल्यावर माळ्यावरसून वॉकर काढ,” बाबा म्हणाले. “आणि खंय बोला नको.”