समासातली नोंद

"घरात माणसं किती?" पाहणीचा तक्ता घेऊन आलेल्या पोरीने विचारलं.

"एक. आणि खाली मान घालून काय विचारतेस? असं शिकवलं होतं का मी तुला?"

पोरगी ओशाळून हसली. बाईंच्याच हाताखाली ती हे काम शिकली होती. पाहणी कार्यालयासाठी बाईंनी तेवीस वर्षं दारोदार हिंडून तक्ते भरले. नोकरी रोजंदारीची, त्यामुळे शेवटी भिंतीवरचं घड्याळ मिळालं, पेन्शन नाही.

तक्त्यात एक प्रश्न ठरलेला असे: गेल्या महिन्यात पैशांअभावी कधी उपाशी राहावं लागलं का? बहुतेक जण "छे हो!" म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून बाईंनी स्वतःची रीत काढली होती. पाणी मागायचं, आणि पेला परत ठेवायला आपणच आत जायचं. थंड शेगडी, रिकामे डबे, सगळं कळायचं. मग रकान्यात 'नाही' आणि समासात खरं काय ते. तरी दरवर्षी अहवाल यायचा, या भागातली हलाखी घटली. बाई एकदा साहेबांशी भांडल्यासुद्धा. साहेब म्हणाले, "अहो बाई, समास यंत्रात जात नाही."

"गेल्या महिन्यात पैशांअभावी..." पोरगी अडखळली.

"पूर्ण विचार."

तिने विचारलं.

"छे गं!" बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या तोंडचा तो सूर ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरीने पाणी मागितलं. सावकाश प्यायली आणि उठली. "पेला मीच ठेवते आत."

"आण इकडे."

बाईंनी पेला धरला. पोरीनेही सोडला नाही. आतल्या डब्यांत कालपासून काही नव्हतं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. शेवटी पोरीने हात काढला, खाली बसून रकान्यात 'नाही' लिहिलं आणि पेन समासाकडे नेलं.

"नको लिहूस. ते कुणी मोजत नाही," बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा बस जरा."

"बाई, अजून सोळा घरं राहिलीत हो."

"हो, खरंच की. नीघ तू."

घर झालं की दारावर खडूने माणसांचा आकडा लिहायची पद्धत होती. पोरीने तो लिहिला आणि ती पुढच्या दाराकडे गेली. बाई उंबऱ्यात उभ्या राहून तो एक बघत राहिल्या. चांगला ठसठशीत काढला होता, त्यांनीच शिकवला होता तसा.