फक्त वाचायची परवानगी

महादेव बारा वर्षं बेळगावातल्या एका फाउंड्रीचा सर्व्हर सांभाळत होता. सगळ्यांची ड्रॉइंग्ज ज्यात असत, ते नेटवर्कवरचं फोल्डर त्यानंच उभं केलेलं. नवा इंजिनिअर ऋग्वेद आला आणि दोन महिन्यांत साहेब प्रत्येक गोष्ट त्यालाच विचारू लागले. महादेव मनातून जळत होता.

"ऋग्वेदला त्या फोल्डरचा फुल ॲक्सेस दे," एकदा साहेब म्हणाले.

महादेवनं कमांड टाइप केली, ऋग्वेदचं नाव घातलं, पण परवानगी दिली ती फक्त वाचायची.

ऋग्वेदनं साहेबांकडे तक्रार केलीच नाही. रोज संध्याकाळी तो पेन ड्राइव्ह घेऊन महादेवकडे यायचा. "अण्णा, मला फाइल सेव्ह करायला जमेना झालंय. माझंच कायतरी चुकत असंल. तुम्हीच ठेवा की."

चौथ्या दिवशी महादेवला त्याच्याकडे बघवेना.

"तुझं न्हाय रं चुकलं. मीच परवानगी दिली नव्हती," तो म्हणाला आणि ऋग्वेदसमोरच त्यानं नवी कमांड टाइप केली.

"असू दे, अण्णा."

त्यानंतर ऋग्वेदला त्याच्या टेबलाशी यायचं कारण उरलं नाही. साहेबांच्या केबिनमधून दोघांचं हसणं मात्र ऐकू यायचं, आणि महादेवचा जीव पुन्हा तसाच जळायचा.