मधून चौथा

प्राणिमात्राचं वय, स्वभाव आणि नशीब त्याच्या दातांत लिहिलेलं असतं, असं धर्मसिंग चाळीस वर्षं सांगत आले होते. ही चाळीस वर्षं बैलबाजारात गेल्यामुळे कुठल्या प्राण्याने हरकत घेतली नव्हती.

त्यांच्या नातीचे, निलमचे, दात पुढे आले होते. वसमतच्या मुकुल डॉक्टरांनी तार बसवली आणि सांगितलं, जागा करायला दोन्हीकडचा मधून चौथा दात काढावा लागेल. दुखणार असेल तर तारच काढा, म्हणत निलमने तोंड मिटलं. तेव्हा डॉक्टरांनी तोड काढली. त्या दोन दातांना बारीक रबर लावायचं, सहा आठवड्यांत ते आपोआप सैल होतात, मग काढताना जोरच लागत नाही.

धर्मसिंगांना हे पटलं. भरवसा नव्हता तो रबरावर. रोज सकाळी शिरड शहापूरजवळच्या तांड्यावर ते निलमला ओट्यावर बसवत, सराईतपणे तिचा खालचा ओठ ओढत, मधून चार मोजत आणि दोन्हीकडचा दात हलवत. तिला काहीतरी सांगायचं असे. पण तोंडात आजोबांची बोटं असली की बोलता येत नाही, आणि बोटं निघाली की आजोबा शेजारच्या उकंडरावांना खबर द्यायला निघालेले असत. सहाव्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, दात तयार आहे, डॉक्टरला नुसता उचलायचाय.

वसमतला सुई टोचून झाल्यावर निलम डोळे मिटून पडली. कधी सुरू करणार, असं तिने विचारलं तेव्हा दोन्ही दात ताटलीत होते. धर्मसिंगांनी मिशीवर हात फिरवला, तिचं तोंड उघडून पाहिलं आणि गंभीर झाले.

"डॉक्टर, आपले दात तर जागीच हायत. तुमी दुसरेच काढले."

"वरचेच काढायचे होते, बाबा. रबर वरच होतं." डॉक्टरांनी खालचा दात चिमट्याने चाचपला. "पण हे खालचे का हलतायत?"

निलमने कापूस एका गालात सरकवला.

"आबा रोज हलवून राहिले. मी सांगू लागले की बोटं घालायचे."

डॉक्टरांनी खालच्या दातांना आधाराची तार लावली आणि आजोबांच्या बोटांना महिनाभर बंदी केली.

तांड्यावर उकंडरावांनी विचारलं, वर काहून पाहिलं न्हाई? धर्मसिंग म्हणाले, चाळीस वर्षांत कधी कामच पडलं न्हाई.

बैलाला वर पुढचे दात नसतात.