भाभीची हिरवी बांगडी

मला तो पट्टा पहिल्यापासून आवडला नव्हता. आता सगळे म्हणतील, कौसरला काय, तिला कधी काय आवडतं! म्हणू देत. पूर्णगडात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, पण एकदा बोलायचं तिथे गप्प बसले, त्याचंच हे सगळं.

माझी मोठी जाऊ हफीजाभाभी आणि मी, घरं दोन, भिंत एक. तिचा एकुलता एक आमीर दोहाला. गेल्या सुट्टीत आला तो मनगटावर बांधायचा पट्टा घेऊन आला. भाभीची साखर वाढलेली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. आमीरने तिच्या मोबाइलमध्ये व्यायामाचं अ‍ॅप टाकलं, पट्टा तिच्या हातात बांधला.

"अम्मी, दिवसाला सहा हजार पावलं झाली की हे गोल पुरं हिरवं होतं. तिकडे माझ्या फोनवर पण दिसतं. एक दिवस जरी गोल अर्धं राहिलं तर मी समजेन तुला बरं नाही. मिळेल त्या विमानाने येईन."

"धमकी देतोस की लाड करतोस रे?" मी म्हटलं.

"दोन्ही, चाची."

जैनुद्दीनभाई, माझे थोरले दीर, गेले तेव्हापासून भाभीच्या हातात बांगडी नव्हती. त्या गोलाला ती हिरवी बांगडी म्हणायला लागली. सकाळी चहा झाला की निघायची, विहिरीपर्यंत, मशिदीच्या वळणापर्यंत, परत. पाऊस असला की पडवीतल्या पडवीत. दुपारी अ‍ॅपमधली बाई सांगेल तसं खुर्ची धरून बसायची, उठायची. मी दारातून चिडवायची, "काय गो भाभी, निकाह ठरलाय वाटतं?" ती हसून हसून खुर्चीतच बसायची. गोल भरलं की फोन टिणटिण वाजायचा आणि दोहाहून आमीरचा आवाज यायचा, "शाब्बास अम्मी!" त्या शाब्बासकीवर बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. चार किलो उतरली. अ‍ॅपवर दिवस मोजलेले असायचे. एक्क्याण्णव, ब्याण्णव. शंभराव्या दिवशी तिने सगळ्या आळीला गोड सांदणं वाटली.

रमजान ईद झाली आणि तिला दम लागायला लागला. विहिरीपर्यंत जायची आणि कठड्याला टेकायची. पाय सुजले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासलं, हृदय कमजोर झालंय म्हणाले, कोल्हापूरला न्या, उशीर करू नका.

"आमीरला फोन करते," मी रिक्षातच म्हटलं.

तिने माझा हात धरला. "करायचा नाही. बकरीदीला दोन महिन्यांची सुट्टी मिळालीय त्याला. आता धावत आला तर चार दिवस राहील आणि ती सुट्टी जाईल. मग पुन्हा दोन वर्षं तोंड दिसायचं नाही. मला चार दिवसांचा नको, दोन महिन्यांचा पाहिजे. तो आला की तोच नेईल कोल्हापूरला."

"आणि तोपर्यंत?"

तिने पट्टा सोडला आणि माझ्या मनगटावर बांधला. "तू दिवसभर जेटीवर, बाजारात, विहिरीवर फिरतच असतेस. तुझ्या पायांना काय ते जड?"

मी भडकले. म्हटलं, लेकराशी खोटं बोलतेस, लाज नाही वाटत? तिने कसम घातली. आमच्यात गल्फला माणूस असलं की घरचं दुखणं कळवायचं नाही, हे आम्हाला दूध पिता पिता शिकवलेलं. माझी सासू गेली तेव्हा नवरा तिकडेच होता, त्यालाही आठ दिवसांनी कळवलं होतं. मी पट्टा ठेवला.

आणि चालले. मासळी घेऊन चालले, पाण्याला चालले. कमी पडली पावलं तर अंगणात येरझाऱ्या घातल्या. भाभी खाटेवर उशीला टेकून फोन बघायची. "कौसर, अजून तीनशे गो." टिणटिण झालं की आमीरचा आवाज. "शाब्बास अम्मी!" ती म्हणायची, "तुला म्हणतोय." दोघी हसायचो. अल्ला माफ करो, हसायचो.

एकदा मात्र मला राहवलं नाही. तिचे ओठ निळसर दिसले, मी पट्टा खिडकीत टांगला आणि गप बसून राहिले. म्हटलं, दिसू दे त्याला अर्धं गोल. येईल पोरगा. संध्याकाळी भाभीने फोन बघितला. खाटेवरून उतरली, भिंत धरून खिडकीकडे निघाली. तिसऱ्या पावलाला धापा टाकत जमिनीवर बसली. मीच पट्टा काढून बांधला आणि रडत रडत अंगणात फेऱ्या मारल्या. गोल भरलं.

बकरीदीला एकोणीस दिवस होते. सकाळी मी चहा घेऊन गेले तर तिला श्वासच मिळत नव्हता. मी धावले. रिक्षासाठी नाक्यावर, तिथून जेटीवर नवऱ्याला बोलवायला, पुन्हा घरी. आम्ही रत्नागिरीच्या वाटेवरच्या पावस गावापर्यंतही पोचलो नाही.

मग आमीरला फोन केला. त्याला विमान मिळालं ते रात्रीचं. आमच्यात मय्यत ठेवत नाहीत. संध्याकाळी असरच्या नमाजानंतर भाभीला मातीत दिलं. तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, सामान न ठेवताच कबरस्तानात गेला, आणि परत आला तो पडवीत तिच्या खुर्चीवर बसला. घर माणसांनी भरलेलं. मी आत-बाहेर करत होते, कुणाला पाणी, कुणाला चहा.

तो फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "चाची, हे बघ. परवाही गोल पुरं. आणि काल, गेली त्या दिवशी, अकरा हजार पावलं. एवढी चालली अम्मी. मग अशी अचानक कशी गेली?"

माझ्या हातात चहाचा ट्रे. तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजला, टिणटिण. त्याने बघितलं. हफीजाने आजचं लक्ष्य पूर्ण केलं होतं.

त्याने मान वर केली आणि माझ्या मनगटाकडे बघितलं. बाहीखालून पट्टा दिसत होता. काढायचा राहूनच गेला होता.

"कधीपासून?"

"रमजान ईदेपासून."

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्यांची सवय आहे. त्याने माझ्या हातातला ट्रे घेतला, खाली ठेवला, आणि हळूच पट्टा सोडवला.

"एक दिवस बसून राहायचं होतंस गो, चाची," तो म्हणाला. "एकच दिवस. मी आलो असतो."

मी तिथेच, त्याच्या पायाशी, जमिनीवर बसले. आता बसून काय उपयोग.