पेटीतले हात

डोळे मिटू नका, उघडेच ठेवा. कान मात्र दोन्ही तळव्यांनी घट्ट दाबा. आता समोर कुणीतरी बोलतंय असं समजा. ओठ हलताहेत, भुवया वर जाताहेत, पण तुमच्यापर्यंत काहीच पोचत नाही. मग शेजारी बसलेली आई तेच सगळं हातांनी सांगते आणि जग पुन्हा चालू होतं. जमलं? आता तळवे काढा. तुम्हाला ते काढता येतात. खारूला येत नव्हते.

खारू आठ वर्षांची. पुढचे दोन दात खारीसारखे मोठे, म्हणून आईने तिचं हे नाव ठेवलं; तेही हातांनीच, ओठांपाशी दोन बोटं कुरतडल्यासारखी हलवून. आईलाही ऐकू येत नसे. ती शिवणकाम करायची. बाबांना ऐकू यायचं, पण त्यांचे हात फार अडखळायचे. "तुझे बाबा हातमोजे घालून बोलतात," असं आई खुणेने म्हणायची आणि हसत हसत त्यांचा चुकलेला अंगठा धरून सरळ करायची.

बाबा एका कार्यशाळेत यंत्रं बनवत. तिथे त्यांनी एक पेटी तयार केली. तिच्यासमोर बोललं की पडद्यावरचा निळ्या सदऱ्यातला माणूस तेच खुणांच्या भाषेत सांगे. त्याला खुणा दिल्या त्या आईने. हातभर पांढरे ठिपके चिकटवून ती महिनाभर कॅमेऱ्यांसमोर बसली, एकेक शब्द, एकेक वाक्य करून दाखवत. तिला एक सवय होती. वाक्य संपलं की ती अंगठा तर्जनीवर दोनदा चोळायची, सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक वळतात तसा. ती सवयही पेटीत उतरली.

"हे काढून टाकायला हवं," बाबांचा कार्यशाळेतला जोडीदार म्हणाला. "तुझा निळा पाहुणा दर वाक्याला चिमूटभर मीठ टाकतोय!"

"टाकू दे रे," बाबा म्हणाले. "कुणाचं काय बिघडतंय?"

आई तेव्हाच आजारी होती. दोन महिन्यांनी ती दवाखान्यात गेली आणि घरी परत आलीच नाही.

खारूला सांगायचं कसं? बाबांनी आरशासमोर उभं राहून खुणा करून पाहिल्या. हात उचलेनात. शेवटी त्यांनी पेटी घरी आणली, टेबलावर ठेवली, खारूला समोर बसवलं आणि पेटीत बोलले, "आई वारली. आता ती परत येणार नाही."

निळ्या माणसाने ते अगदी बिनचूक सांगितलं. मग अंगठा तर्जनीवर दोनदा चोळला.

खारू रडली नाही. पोर समजूतदार आहे, असं बाबांना वाटलं.

त्यानंतर शाळेतून आली की ती पेटी जवळ ओढायची आणि बाबांची बाही खेचायची: बोला. बाबा बोलायचे. बोलण्यासारखं संपलं की वर्तमानपत्र वाचायचे, तेही संपलं तर साबणाच्या वेष्टणावरचा मजकूर. खारू त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. ती पडद्यालाच काहीबाही सांगायची, थांबायची, पुन्हा सांगायची. पण पेटीला फक्त ऐकता येत होतं. समोरच्याचे हात बघायला बाबांनी तिला शिकवलंच नव्हतं.

एके दिवशी खारूच्या शाळेतल्या बाई पेटी बघायला आल्या. त्यांची नजर पेटीवर कमी आणि खारूच्या हातांवरच जास्त होती.

"ती काय विचारतेय, कळतंय का तुम्हाला?"

"माझं खुणांचं ज्ञान यथातथाच हो, बाई."

"ती म्हणतेय, 'रोज बोलतेस, मग मला उत्तर का देत नाहीस? रागावलीस का?'"

"कुणाला विचारतेय?"

"आईला."

बाबांचा चेहरा उतरला. "पण मी तिला सांगितलं होतं. या पेटीतून, स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं!"

"तुम्ही कुठे सांगितलंत? वाक्याशेवटी असा अंगठा चोळणं तिच्या आईचंच, मी ओळखते. आईनेच सांगितलं, स्वतःच्या हातांनी. जी समोर येऊन 'मी गेले' म्हणते, ती गेली असं पोरीने कसं मानायचं?"

बाई गेल्यावर बाबा उठले. त्यांनी पेटी बंद केली. खारू धावली, पडद्यावर थापा मारू लागली. बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी स्वतःचे हात वर केले. 'आई' नीट जमलं. पुढच्या खुणेला अंगठा भलतीकडेच राहिला. वाक्य कसंबसं संपलं. शेवटी बोटं कुणी चोळली नाहीत.

खारू त्या हातांकडे बघत राहिली. मग तिने काळ्या पडद्याकडे बघितलं, पुन्हा हातांकडे. तिचा चेहरा हळूहळू चुरगळला आणि ती रडू लागली, आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

रडता रडताच तिने बाबांचा चुकलेला अंगठा धरला, सरळ केला आणि खूण केली: पुन्हा सांगा.