धुराला मजला कळत नाही

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा, खालच्या घरात मिरचीची फोडणी पडली की वरच्या घरात ठसका लागतोच. त्यावरून कुणी भांडत नाही. उलट "आज झणझणीत बेत दिसतोय!" असं जिन्यात हसून विचारतात. पण १९९६ सालच्या श्रावणात सांगलीच्या विश्रामबागेतल्या 'कृष्णाई' अपार्टमेंटमध्ये एका धुरावरून असं काही भांडण पेटलं, की बारा बिऱ्हाडांची तोंडं बारा दिशांना झाली.

सोसायटीचे चेअरमन होते विष्णुपंत आगाशे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि सचोटीचे गृहस्थ. जिन्यात सायकल लावलेली त्यांना खपत नसे. गच्चीवरची पाण्याची टाकी तर ते देवघरासारखी जपत. दर महिन्याला स्वतः उभे राहून धुऊन घेत. सगळ्यांना त्यांच्याबद्दल आदर होता. मात्र विष्णुपंतांना सिगारेट लागायची. चहाबरोबर एक, जेवणावर एक, आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये मंडळी जमली की गप्पांबरोबर किती, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसे.

त्यांच्या पत्नी अनसूयाबाई पूर्वी मुलींच्या शाळेत गणित शिकवत असत. त्यांना दम्याचा त्रास होता. अलीकडे तो इतका वाढला होता, की तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणंही त्यांनी सोडलं होतं.

त्यांच्याच खालच्या फ्लॅटमध्ये त्या वर्षी ऋषिराज मोहिते राहायला आला. तो बँकेत नोकरीला होता. बायको दीपमाला आणि आई चंद्राबाई, एवढंच कुटुंब. चंद्राबाईंचे यजमान फौजेत होते, ते वारले तेव्हा वाळव्याकडचा ऊस दिरांकडे सोपवून त्या मुलाकडे आल्या. गावाकडच्या पुष्कळ बायकांप्रमाणे त्यांना मिसरीची सवय होती. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरडून पूड करायची आणि दातांना लावायची. गावात हे काम परसात चालायचं. इथे परस कुठलं? चंद्राबाई स्वयंपाकघरात गॅसवर तवा ठेवत. तो तिखट, नाकाला झोंबणारा धूर खिडकीतून इमारतीच्या डक्टमध्ये शिरायचा आणि सरळ वर, अनसूयाबाईंच्या मोरीच्या झडपेतून घरात यायचा.

एके दिवशी सकाळी तसाच धूर आला आणि अनसूयाबाईंचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. विष्णुपंत घाबरून अनवाणीच डॉक्टरांना आणायला धावले. इंजेक्शन दिल्यावर हळूहळू अनसूयाबाईंचा श्वास मोकळा झाला.

"हा खालच्या बाईंचा पराक्रम! घरात तंबाखू भाजतात," विष्णुपंत संतापून म्हणाले.

डॉक्टरांची नजर टीपॉयवरच्या थोटकांनी भरलेल्या रक्षापात्रावर गेली. "यांना धूर नको," ते म्हणाले, "कुठलाच धूर नको."

विष्णुपंतांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. दुसरं त्यांच्या कानापर्यंत गेलं, पण मनापर्यंत गेलं नाही.

दुपारीच नोटीस बोर्डावर कागद लागला. 'इमारतीत मिसरी भाजण्यास सक्त मनाई करण्यासाठी रविवारी सकाळी सभा.' दीपमालानं तो वाचला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा बिऱ्हाडांत मिसरी भाजणारं घर एकच होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"माज्या घरात, माज्या तव्यावर भाजती मी!" चंद्राबाई उसळल्या. "आन् त्यो चेरमन खाली बसून इंजिनागत धूर सोडतोय, त्येला कोन इचारनार?"

"रविवारी मीच विचारतो," ऋषिराज दात ओठ खात म्हणाला. "बघू कोण कुणाला मनाई करतंय ते."

चंद्राबाईंना रविवारपर्यंत दम निघेना. दुसऱ्या दिवशी दुपारी पदर खोचून त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. चार शब्द सुनवायचेच, असं मनाशी ठरवून गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अनसूयाबाई खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात टेबलावर टेकून बसल्या होत्या. प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे वर उचलले जात होते. विहिरीतून पाणी ओढून काढावं तसा एकेक श्वास ओढून काढावा लागत होता.

चंद्राबाईंचा राग जागच्या जागी विरला. त्या जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"वैनी, ह्ये माज्या मिसरीनं झालं व्हय?"

अनसूयाबाईंनी 'हो' म्हटलं असतं, तर तिथेच विषय संपला असता. पण त्या खरं बोलणाऱ्या होत्या. "सगळं तुमच्यामुळे नाही, चंद्राबाई," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "माझं दुखणं जुनं आहे. पण तुमचा तवा तापला, की मग मात्र जीव घाबरा होतो."

"मग यिऊन सांगायचं की वं! लांब का ऱ्हातो आपन? मला कसं कळावं, माजा धूर तुमच्या छातीत जातोय म्हून?"

"सांगायची सवयच गेलीय आता."

चंद्राबाईंनी खोलीभर पाहिलं. पडद्यांना, उशांना, भिंतीलासुद्धा सिगारेटचा शिळा वास होता. टीपॉयवरची थोटकं त्यांना दिसली. त्या काय ते समजल्या. एवढंच म्हणाल्या, "वैनी, दुसऱ्याचं मला ठावं न्हाई. माजा तवा आजपास्नं बंद."

आणि त्यांनी तो खरोखरच बंद केला!

म्हणायला सोपं होतं, मंडळी. लहानपणापासूनची सवय ती. दुसऱ्याच दिवशी त्यांचं डोकं ठणकायला लागलं. पोट साफ होईना. दीपमालाच्या साध्या बोलण्यावर त्या खेकसू लागल्या. दीपमाला समजूतदार होती. तिनं लवंग आणि भाजकी बडीशेप डबीत भरून सासूच्या हाताशी ठेवली. शेवटी तिलाच राहवेना.

"आत्या, पुडीत तयार मिसरी मिळते दुकानात. ती आणू का? घरात धूर व्हायचा नाही."

"कुनीतरी भाजूनच पुडीत भरली आसंल न्हवं?" चंद्राबाई म्हणाल्या. "तिथं बी कुनाचं तरी घर आसंल, कुनी दम्याचं मानूस आसंल. न्हाई. सोडली ती सोडली."

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. विष्णुपंतांनी ठराव वाचायला सुरुवात केली, तोच ऋषिराज उठला.

"आगाशेसाहेब, माझ्या आईच्या तव्याला मनाई आणि तुमच्या सिगारेटला माफी, हा कुठला न्याय?"

"सिगारेटचा आणि मिसरीचा काय संबंध? मिसरीच्या धुरानं माझी बायको मरता मरता वाचली!"

"आणि जिन्यात तुमच्या धुरानं माझ्या गरोदर बायकोला मळमळतं, त्याचं काय?"

आवाज चढले. कुणी ऋषिराजची बाजू घेतली, कुणी चेअरमनांची. पहिल्या मजल्यावरचे नानासो पाटील, ज्यांना स्वतःला दिवसाला बिडीचं अख्खं बंडल लागे, ते सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलत होते. तेवढ्यात चंद्राबाई उभ्या राहिल्या.

"भांडू नगासा. ठरावात काय लिवायचं त्ये लिवा. म्या तवा कवाच बंद केलाय. मिसरी बी सोडली."

तोच जिन्याकडून सावकाश पावलं ऐकू आली. कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर थांबत अनसूयाबाई खाली आल्या होत्या! विष्णुपंत लगबगीनं पुढे झाले.

"अगं, तू कशाला उतरलीस? मी बघतोय ना इथलं सगळं."

"मला दोन शब्द बोलायचेत," त्या म्हणाल्या. त्यांना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. धाप जरा कमी झाल्यावर त्या बोलू लागल्या.

"मी चंद्राबाईंचे आभार मानायला आले आहे. परवा त्या माझ्याकडे आल्या, माझा श्वास त्यांनी डोळ्यांनी बघितला, आणि त्याच दिवशी त्यांनी आपली जन्माची सवय सोडली. त्यासाठी ना नोटिशीची गरज लागली, ना ठरावाची. माझं लग्न झाल्यापासून माझ्या श्वासासाठी कुणीतरी एक धूर विझवला, तो पहिल्यांदा. चंद्राबाई, तुमचे उपकार मी विसरणार नाही."

विष्णुपंतांच्या हातातला कागद खाली आला. अनसूयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. एका शब्दानंही दोष दिला नव्हता. पण 'पहिल्यांदा' हा शब्द विष्णुपंतांच्या काळजात जाऊन रुतला!

"आता ठरावाबद्दल," अनसूयाबाई पुढे म्हणाल्या. वर्गात उदाहरण समजावून सांगावं तसा त्यांचा आवाज शांत होता. "आपल्या भिंती वेगळ्या आहेत, पण हवा सामायिक आहे. पाण्याची टाकीही सामायिक आहे. तिच्यात कुणी हात बुडवले, तर आपले चेअरमन खपवून घेतील का? पाणी आपण दिवसातून काही वेळा पितो. हवा तर झोपेतही पितो. मग हवेबद्दल आपण इतके निष्काळजी का?"

नानासो म्हणाले, "वैनी, तुमचं पटतंय. पन आपल्या घरात, दार लावून मानसानं काय करावं, ह्ये बी सोसायटीच ठरवनार व्हय?"

"दार लावून धूर थांबत असता, नानासाहेब, तर चंद्राबाईंचा धूर माझ्यापर्यंत आला असता का? धुराला मजला कळत नाही. तो मिसरीचा, बिडीचा की सिगारेटचा, हे माझ्या छातीलाही कळत नाही."

विष्णुपंतांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

"हा ठराव मी मागे घेतो. नवा मांडतो. तंबाखूचा कुठलाही धूर, मग तो कशाचाही असो, या इमारतीत होणार नाही. जिन्यात नाही, पार्किंगमध्ये नाही, गच्चीवर नाही, घरातही नाही. ज्याला ओढायचं असेल त्यानं फाटकाबाहेर जावं. आणि पहिला नियम चेअरमनला लागू!"

त्या काळी असल्या नियमाची कुणाला सवय नव्हती. नानासोंनी विरोधात हात वर केला, आणखी एकानं केला. पण बाकी सगळे हात ठरावाच्या बाजूनं होते.

घरी आल्यावर विष्णुपंतांनी टीपॉयवरचं रक्षापात्र रिकामं केलं. मग म्हणाले, "तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. तेव्हा थोडे दिवस तुम्ही गॅलरीत जाऊन ओढलीत. दार मात्र उघडंच राहायचं, आणि मग तुम्ही पुन्हा आतच ओढू लागलात."

विष्णुपंतांनी तोंड ओंजळीत झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. अनसूयाबाई उठून त्यांच्याजवळ बसल्या.

"मी तुम्हाला खाली पाहायला लावायला आले नव्हते. त्या बाईचे आभार मला चारचौघांत मानायचे होते, बस्स. तुम्ही ठराव बदललात, तेव्हा मला तुमचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू!"

त्या दिवसापासून विष्णुपंतांनी घरात सिगारेट पेटवली नाही. पण सवय काही लगेच सुटली नाही. एके दिवशी भर दुपारी ते फाटकाबाहेर उन्हात उभे राहून सिगारेट ओढत होते. बाजारातून येणाऱ्या चंद्राबाईंनी त्यांना पाहिलं. विष्णुपंत शाळेतल्या पोरासारखे ओशाळले.

"सुटत नाही हो," ते म्हणाले. "डोकं भणभणतं."

"मला सांगताय व्हय? माजं डोस्कं तर आजून भनभनतंय," चंद्राबाई हसून म्हणाल्या. पिशवीतली डबी काढून त्यांनी दोन लवंगा पुढे केल्या. "ह्ये धरा. दाताखाली ठिवायची. लय याद आली की आमच्यात या, च्या प्या. मी बी त्यातलीच हाय."

विष्णुपंतांनी अर्धी सिगारेट चपलेखाली विझवली. मग रोज दुपारी ते खाली मोहित्यांकडे चहाला जाऊ लागले. कुणाला किती तलफ आली, हे दोघं एकमेकांना सांगत आणि हसत. मध्ये एकदा विष्णुपंत पुन्हा घसरले. "चुकलो," असं त्यांनी स्वतःहून चंद्राबाईंना येऊन सांगितलं, आणि त्यानंतर मात्र सिगारेटला हात लावला नाही.

अनसूयाबाईंचा दमा काही जादूनं बरा झाला नाही. औषध जवळ ठेवावंच लागे. पण अटॅक कमी झाले. दसऱ्याच्या सुमारास त्या दीपमालाचा हात धरून गच्चीवर जाऊ लागल्या. दीपमालाला सातवा महिना लागला होता. तिलाही जिना आता निर्धास्तपणे चढता येत होता. नानासोंनी बिडी सोडली नाही, पण ते न चुकता फाटकाबाहेर जात. "नियम म्हंजे नियम," असं तेच आता नव्या भाडेकरूंना बजावत!

दिवाळी आली. भाऊबीजेला सकाळी विष्णुपंत नवं धोतर नेसून, अनसूयाबाईंना बरोबर घेऊन मोहित्यांच्या दारात उभे राहिले.

"मला सख्खी बहीण नाही," ते म्हणाले. "ओवाळून घ्यायला आलोय."

चंद्राबाई गडबडल्या. "आवं, माजं दोन भाऊ हायत की गावाकडं!"

"मग मला तिसरा समजा. माझ्या घरातल्या माणसाचा श्वास तुम्ही मला दाखवलात. त्याची परतफेड ओवाळणीत होणार नाही, पण नातं तरी जोडता येईल."

चंद्राबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि दीपमालाला हाक मारली, "आगं, पाट मांड! माजा भाऊ आलाय!"

बंधुभगिनींनो, अशा इमारती आता आपल्या साताऱ्यात, सांगलीत, गल्लोगल्ली उभ्या राहत आहेत. आपण एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाखाली राहू लागलो आहोत. तेव्हा आपल्या घरातला धूर कुणाच्या छातीत जातो, हे एकदा जिना चढून आपल्या डोळ्यांनी पाहावं. तो धूर इमारतीबाहेर ठेवण्याचा नियम करावा आणि तो आधी स्वतःला लावून घ्यावा. आणि आपल्या सुखासाठी कुणी आपली एखादी सवय सोडली, तर चारचौघांत उभं राहून त्याचे मनापासून आभार मानावेत. कोण जाणे, ते ऐकून आणखी एखाद्या घरातला धूर विझेल!